बिनडोळ्यांच्या माशीची गोष्ट

गर्भात आधी कोणता अवयव घडतो, या प्रश्नावर आपल्याकडच्या ऋषींचेही एकमत नव्हते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात हा वाद मोठ्या प्रामाणिकपणे नोंदवून ठेवला आहे. शौनक म्हणतात, आधी डोके. कृतवीर्य म्हणतात, हृदय. पाराशर्य नाभीचा पक्ष घेतात, तर मार्कंडेय हातापायांचा. अखेर धन्वंतरी निवाडा देतात की, सारे अवयव एकदमच घडू लागतात. कोवळ्या फळात गर, कोय, केसर वेगळे दिसत नाहीत, आंबा पिकला की सारे निरनिराळे ओळखू येते, तसेच हे. तिकडे ग्रीस देशात ॲरिस्टॉटलने कोंबडीची उबवणीची अंडी निरनिराळ्या दिवशी फोडून पाहिली, आणि तीन दिवसांच्या अंड्यात रक्ताचा एक ठिपका धडधडताना पाहिला. तो हृदयाच्या पक्षाचा झाला, यात नवल नाही.

वाद मोठा रंगतदार आहे. पण ‘आधी काय’ हे ठरले तरी त्याच्या पाठीमागचा खरा प्रश्न तसाच उभा राहतो. आपण सारे एका पेशीपासून वाढलो. त्या एका पेशीच्या दोन झाल्या, दोनांच्या चार, आणि बापाकडून नि आईकडून मिळालेला जनुकांचा सगळा ठेवा प्रत्येकीला जसाच्या तसा मिळत गेला. टाचेच्या पेशीजवळ जे आहे तेच डोळ्याच्या पेशीजवळ. असे असता एकीने टाच व्हावे आणि दुसरीने डोळा, हे तिला कोणी सांगितले? कोणाच्या हुकुमावरून?

या प्रश्नाचे उत्तर मिळायला विसावे शतक उजाडावे लागले, आणि ते मिळवून देण्यात मोठा वाटा होता एका चिलटाचा. केळी जरा जास्त पिकली की त्यांच्यावर घिरट्या घालणारी ती इवलीशी तांबड्या डोळ्यांची माशी आपण पदराने किंवा पंचाने हाकलून देतो. शास्त्रज्ञ तिला ड्रोसोफिला म्हणतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांनी एका लहानशा खोलीत दुधाच्या रिकाम्या बाटल्यांतून या माश्या हजारोंनी पोसल्या. खर्च केळ्यांचा, आणि दहा-बारा दिवसांत नवी पिढी हजर! १९१० साली त्या बाटल्यांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला, आणि त्याच्या वंशावळीवरून जनुके गुणसूत्रांवर बसलेली असतात हे मॉर्गन यांनी दाखवून दिले.

त्याच परंपरेतल्या मिल्ड्रेड होग या संशोधिकेने १९१५ साली आणखी एका विचित्र माशीचे वर्णन छापले. हिचे डोळे फार लहान, काहींना तर मुळीच नाहीत. हा दोष माशीच्या चौथ्या, सगळ्यांत चिमुकल्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात आहे, असे होगबाईंनी ठरवले. जनुकाचे नाव पडले ‘आयलेस’, म्हणजे बिनडोळ्याचे.

येथे या नावांच्या रीतीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर पुढे घोटाळा होईल. माशीवाल्यांची पद्धत अशी की, जनुक बिघडले म्हणजे जे नाहीसे होते त्यावरून त्याला नाव द्यायचे. म्हणजे जे जनुक धड असताना डोळा घडवते, त्याचेच नाव बिनडोळ्याचे! आपल्याकडे ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ म्हणतात. येथे सारे उलट, हाती सोने आणि नाव कथलाबाई. पण नवसाने झालेल्या पोराला दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू अशी नावे ठेवणाऱ्या आपल्या लोकांना याचे फारसे नवल वाटू नये.

होगबाईंची ती माशी मग जवळजवळ ऐंशी वर्षे बाटल्यांतच राहिली. पिढीमागून पिढी कोणीतरी तिला खाऊ घालीत होते, बाटल्या बदलीत होते, चिठ्ठ्या डकवीत होते. शास्त्राच्या इतिहासात या बाटल्या बदलणाऱ्यांची नावे येत नाहीत. देवळातला नंदादीप विझू न देणाऱ्या गुरवाचे नाव तरी कोठल्या शिलालेखात असते?

मध्यंतरी जर्मनीत निराळ्याच वाटेने या प्रश्नाचा पाठलाग चालू होता. हॅन्स स्पेमान हे हाताचे अतिशय कसबी. बेडकाच्या नि न्यूटच्या भ्रूणांवर ते शस्त्रक्रिया करीत. न्यूट हा बेडकाच्या नातलगांतला, पण दिसायला सरड्यासारखा प्राणी. इतक्या नाजूक गर्भाला बांधायला दोरा कोणता आणावा? स्पेमान यांनी आपल्या तान्ह्या बाळाचे केस वापरले. डोळा घडताना मेंदूतून एक वाटीसारखा भाग बाहेर येतो आणि तो कातडीला टेकला की कातडीचे भिंग होते. १९०१ साली त्यांनी एका जातीच्या बेडकाच्या भ्रूणातली ती वाटी जाळून टाकली. वरची कातडी कातडीच राहिली. भिंग झाले नाही. याचा अर्थ, वाटी कातडीला काही सांगत होती! पुढे दुसऱ्या एका जातीच्या बेडकात वाटी काढून टाकली तरी भिंग झालेच, आणि स्पेमान बुचकळ्यात पडले. या विक्षिप्त बेडकाकडे वाचकांनी जरा लक्ष असू द्यावे. हुकूम एकाच तोंडून येतो असे नाही, हे त्याने फार लवकर सांगून ठेवले होते.

स्पेमान यांच्या हाताखाली फ्रायबुर्ग येथे हिल्डे नावाची एक तरुण मुलगी डॉक्टरेटचे काम करीत होती. लग्नानंतर ती हिल्डे मान्गोल्ड झाली. तिने फिकट रंगाच्या न्यूटच्या भ्रूणातला एक विवक्षित कण काढून गडद रंगाच्या दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाकडच्या बाजूला बसवला. त्या काळी जंतुनाशक औषधे आजच्यासारखी नव्हती. शेकडो शस्त्रक्रियांतून निबंधात वर्णन करण्याजोगे भ्रूण निघाले अवघे सहा. पण त्या सहांनी जे दाखवले ते अद्भुत होते. कलम केलेल्या जागी दुसरा एक भ्रूण उभा राहू लागला होता, पाठीचा कणा, मज्जारज्जू आणि सारे काही घेऊन. अधिक नवलाची गोष्ट अशी की, हा दुसरा देह बहुतांशी यजमानाच्याच गडद पेशींचा होता. पाहुण्या फिकट कणाने स्वतः घर बांधले नव्हते. शेजाऱ्यापाजाऱ्यांना कामाला लावले होते.

निबंध १९२४ साली प्रसिद्ध झाला. आधी गुरूचे नाव, मग शिष्येचे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात घरातल्या शेगडीचा भडका उडून हिल्डे भाजली आणि त्यातच गेली. वय पंचवीस, पदरी लहान मूल. स्टोव्हच्या भडक्याने किती घरांतल्या लेकीसुना गेल्या, हे आपल्याला सांगायला नको. १९३५ साली स्पेमान यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते याच शोधासाठी.

मग सारे त्या कणातला ‘हुकूम देणारा पदार्थ’ शोधू लागले. कण उकळून पाहिला, मारून पाहिला. मेलेला कणही काम करी! त्यामुळे शोध उलट अधिकच भरकटला. काही दशके हे शास्त्र गाळात रुतल्यासारखे झाले. त्याला बाहेर ओढले ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या दोघांनी, फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी. आणि तेही भ्रूणाला हात न लावता, आतड्यातल्या एका साध्या जंतूच्या साहाय्याने.

या जंतूला दुधातली साखर पचवता येते. पण ती साखर समोर नसेल तर ती पचवणारी विकरे तो बनवीतच नाही. काटकसरी गृहिणीप्रमाणे चूल बंद ठेवतो. १९६१ साली जाकोब-मोनो यांनी सांगितले की, त्या जनुकांच्या तोंडाशी पहाऱ्यावर कोणीतरी बसलेले असते. साखर आली की पहारेकरी उठतो आणि जनुके कामाला लागतात. १९६६ साली अमेरिकेत वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल यांनी तो पहारेकरी प्रत्यक्ष वेगळा काढला. ते एक प्रथिन होते. म्हणजे जनुकांत दोन तऱ्हा आहेत. बहुतेक जनुके अंगमेहनतीच्या कामाची प्रथिने बनवतात. काही थोडी मात्र अशी प्रथिने बनवतात, की ज्यांचे काम दुसऱ्या जनुकांना चालू करणे वा बंद करणे एवढेच. या मुकादम-प्रथिनांना शास्त्रज्ञ ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. माणसाच्या सुमारे २०,००० जनुकांपैकी १,६०० च्या आसपास अशी मुकादमांची आहेत.

यांचे काम चालते कसे? प्रत्येक जनुकाच्या अलीकडे-पलीकडे डीएनएचे काही तुकडे असतात, त्यांवर ही प्रथिने येऊन बसतात. पण बहुधा एकट्याने भागत नाही. बँकेतला लॉकर जसा आपल्या एका किल्लीने उघडत नाही, बँकेचा माणूस येऊन त्याची दुसरी किल्ली लावतो तेव्हाच उघडतो, तसे तीन-चार मुकादम एका ठिकाणी जमले तरच जनुक जागे होते. टाचेच्या पेशीत त्यांतला एखादाच हजर असतो, डोळ्याच्या पेशीत सारे. ठेवा तोच, किल्ल्यांचा जुडगा निराळा. टाच नि डोळा यांतला फरक एवढाच आहे!

माशीवाल्यांनी ही कल्पना उचलली. कॅलिफोर्नियात एडवर्ड लुइस अनेक दशके जवळजवळ एकट्याने दोनाऐवजी चार पंखांच्या माशीचा अभ्यास करीत होते. जर्मनीत हायडेलबर्गला क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ट आणि एरिक वीशाउस यांनी समोरासमोर बसून, दोघांना एकदम पाहता येईल अशा सूक्ष्मदर्शकातून, हजारो बिघडलेल्या भ्रूणांची छाननी केली आणि १९८० साली शरीराचे भाग पाडणाऱ्या जनुकांची यादीच जगापुढे ठेवली. या तिघांना १९९५ चे नोबेल मिळाले. लुइस यांच्या जनुकांत आणि त्यांच्यासारख्या इतरांत एक समान तुकडा आहे, असे १९८३-८४ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत आणि अमेरिकेतही स्वतंत्रपणे आढळले. तुकडा ज्या प्रथिनात उतरतो ते प्रथिन त्याच भागाने डीएनए पकडते. बेडकात पाहावे तर तोच तुकडा, उंदरात तोच, माणसात तोच!

आता आपली बिनडोळ्यांची माशी बाटलीतून बाहेर येते. बाझेलच्या त्याच प्रयोगशाळेत रिबेका क्विरिंग ही विद्यार्थिनी काम करीत होती. डोळ्याचा शोध घ्यावा असे कोणाच्या मनात नव्हते. मुकादमांच्या जातीचे एक जनुक तिच्या हाती लागले, ते चौथ्या गुणसूत्रावर निघाले, आणि नेमकी जागा पाहिली तर ती होगबाईंच्या ‘आयलेस’ची. एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. पण या जनुकाची अक्षरे दुसऱ्या दोन जनुकांशी जुळत होती, आणि ती दोन्ही १९९१ साली ओळखली गेली होती. एक होते उंदराचे. ते एका बाजूने बिघडले तर उंदराचे डोळे लहान होतात. आईबाप दोघांकडून बिघडलेले आले तर पिल्लाला डोळे नाहीत, नाकही नाही, आणि ते जन्मताच मरते. दुसरे होते माणसाचे. ते बिघडले म्हणजे मूल बुबुळाच्या रंगीत पडद्यावाचून जन्माला येते. डोळ्यात नुसती काळी मोठी बाहुली. उजेड सोसत नाही, नजर मंद. या विकाराला ॲनिरिडिया म्हणतात, आणि जनुकाला पॅक्स-सिक्स. उंदराचे पॅक्स-सिक्स प्रथिन आणि माणसाचे, दोन्ही ४२२ दुव्यांची साखळी, आणि एकाही दुव्यात फरक नाही.

क्विरिंग आणि गेरिंग यांचा हा निबंध १९९४ साली आला तेव्हा प्राणिशास्त्राच्या जुन्या जाणत्यांना धक्काच बसला. माशीचा डोळा म्हणजे सात-आठशे चिमुकल्या डोळ्यांचे मोहोळ. आपला म्हणजे एका भिंगाची कॅमेऱ्यासारखी पेटी. दोहोंत साम्य ते काय? प्राणिसृष्टीत डोळा चाळीसहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उपजला असावा, असा हिशेब साल्विनी-प्लावेन आणि एर्न्स्ट मायर यांनी १९७७ साली मांडला होता, आणि तो सर्वमान्य होता. माशीचा नि माणसाचा शेवटचा समाईक पूर्वज पन्नास कोटी वर्षांहूनही मागचा. तरी दोन्ही घरांत डोळ्याचा मुकादम एकच!

पुढच्या वर्षी गेऑर्ग हाल्डर, पॅट्रिक कॅलर्ट्स आणि गेरिंग यांनी जे केले, ते कादंबरीत घातले असते तर माझ्या वाचकांनी मला वेड्यात काढले असते. माशीच्या अळीच्या अंगात पुढे पाय, पंख, डोळे होणाऱ्या पेशींच्या लहान लहान चकत्या घडी करून ठेवलेल्या असतात. या तिघांनी पायाच्या नि पंखाच्या चकत्यांत ‘आयलेस’ चालू केले. कोशातून माशी बाहेर आली तेव्हा तिच्या पायांवर डोळे होते, पंखांवर डोळे होते, मिशांवर डोळे होते. नुसते ठिपके नव्हेत; भिंगे, रंग, प्रकाश टिपणाऱ्या पेशी, सारा सरंजाम. मग त्यांनी उंदराचे जनुक माशीत घातले. पुन्हा डोळा उगवला. आणि तो उंदराचा नव्हे, माशीचा.

हे शेवटचे वाक्य सावकाश वाचावे, कारण सारी गोम त्यात आहे. ‘आमटी करा’ असा निरोप कोकणातल्या घरी गेला तर तिच्यात ओले खोबरे नि आमसूल पडते, देशावरच्या घरी गेला तर चिंच-गूळ. निरोपात कृती नसते. कृती ज्या-त्या स्वयंपाकघराची. उंदराच्या जनुकाने माशीच्या पेशींना एवढेच सांगितले की, येथे डोळा करा. कोणता करायचा ते माशीच्या हाताला ठाऊक होते. त्या एका निरोपामागे सुमारे २,५०० जनुके कामाला लागत असावीत, असा गेरिंग यांचा अंदाज होता.

या शोधाचा जगभर गाजावाजा झाला. पायावर डोळा असलेल्या माशीचे छायाचित्र जिकडेतिकडे झळकले, आणि ‘आयलेस’ला डोळ्याचा सर्वाधिकारी ठरवण्यात आले. पण मोठ्या एकत्र कुटुंबात राहिलेल्या माणसाला येथे थोडी शंका यावी. ओसरीवर बसून हुकूम सोडणाऱ्या कर्त्या पुरुषाकडे पाहून पाहुण्याला वाटते, घर हाच चालवतो. चार दिवस मुक्काम पडला म्हणजे कळते की, तोंड उघडण्यापूर्वी त्याने माजघरात विचारलेले असते, आणि माजघराने आजेसासूबाईंना.

तसेच झाले. ‘आयलेस’ ज्यांना जागे करते त्यांत ‘साइन ऑक्युलिस’ आणि ‘आइज ॲब्सेन्ट’ ही दोन जनुके आहेत. (नावांचे अर्थ पुन्हा तेच: डोळ्यावाचून, डोळे गैरहजर!) १९९७ साली आढळले की, ही दोन एकत्र चालू केली तर तीही भलत्या जागी डोळा उगवतात, आणि तसे करताना उलट ‘आयलेस’लाच उठवतात. ‘डॅक्सहुंड’ नावाचे जनुक बिघडले तर माशीचे पाय त्या बुटक्या कुत्र्यासारखे आखूड होतात; तेही या कटात सामील. ‘आयलेस’च्या वर त्याचेच एक जुळे भावंड बसले आहे, हे १९९९ साली उजेडात आले. शिवाय पायावर डोळा उगवतो तोही वाटेल तेथे नाही. शेजारच्या पेशींचे दुसरे संदेश जेथे पोहोचतात तेवढ्याच टापूत. वरून खाली हुकूम जाण्याचा जिना शोधायला निघालेल्यांना हाती आले ते कोळ्याचे जाळे. एक धागा ओढावा तर सारे हलते. आणि अशी रचना आहे म्हणूनच डोळा घडताना एखादा निरोप क्षणभर मंदावला तरी बाकीचे तो धरून ठेवतात.

प्रमाणाचे तर विचारूच नका. ॲनिरिडिया झालेल्या मुलाजवळ एक पॅक्स-सिक्स धडधाकट असते, पण निम्म्या पुरवठ्यावर बुबुळ घडत नाही. यावर कोणी म्हणेल, मग दुप्पट घाला! १९९६ साली एडिंबरोला उंदरांत या जनुकाच्या जादा प्रती घालून पाहिल्या; त्यांचेही डोळे लहान नि सदोष झाले. मिठाची गत. शिवाय हे जनुक नुसते डोळ्याचेही नव्हे. ते मेंदूत लागते, नाकाला लागते, आणि स्वादुपिंडात रक्तातली साखर वाढवणारे ग्लुकॅगॉन बनवणाऱ्या पेशी त्याच्यावाचून होत नाहीत. दिवसा शाळेत गणित शिकवणारा मास्तर रात्री भजनी मंडळात पेटी वाजवतो; माणूस तोच, सोबत कोण बसले आहे त्यावर काम ठरते.

जाळ्यातला एक धागा सैल सोडून निसर्गाने स्वतःच डोळा कसा मिटवला, याचे उदाहरण मेक्सिकोत आहे. तेथल्या चुनखडीच्या गुहांतल्या काळोख्या पाण्यात आंधळे मासे राहतात, आणि बाहेरच्या नदीत त्याच जातीचे डोळस मासे. गुहेतल्या माशाच्या गर्भात डोळा घडायला सुरुवात होते, वाटी होते, भिंगही होते. मग भिंगाच्या पेशी मरू लागतात, डोळा खचत जातो आणि वर कातडी चढते. २००४ साली दिसले की, या गर्भात कपाळाच्या मधल्या रेषेवरून येणारा एक संदेश जास्त पसरतो आणि पॅक्स-सिक्सचा टापू आखडतो. त्याच वाढलेल्या संदेशाने जबडा मोठा होतो आणि चव घेणाऱ्या कळ्या वाढतात. अंधारात चाचपून खाणाऱ्या माशाला हा व्यवहार तोट्याचा नाही.

पण त्याच्याही आधी, २००० साली, योशियुकी यामामोटो आणि विल्यम जेफ्री यांनी या माशावर एक प्रयोग केला होता, आणि तो पाहायला स्पेमान हवे होते असे वाटते. त्यांनी डोळस माशाच्या गर्भातले चिमुकले भिंग काढून गुहेतल्या माशाच्या गर्भात, एकाच बाजूला, बसवले. नदीतल्या माशाला त्याच्या बदल्यात गुहेतले भिंग दिले. त्या बाजूचा त्याचा डोळा खचून गेला. आणि गुहेतला मासा वाढून मोठा झाला तेव्हा त्याच्या एका गालावर, त्याच्या वाडवडिलांप्रमाणे, नुसती फिकट कातडी होती. दुसऱ्या बाजूला बुबुळ, बाहुली, सारे असलेला मोठा थोरला डोळा होता.